परसू परत आलाय

गेल्या सुगीत मी स्कूटरवरून वाडीभर ओरडत सांगितलं की परसू परत आलाय. परसू आला नव्हता. सिनेमा आला होता.

यंदाची सुगी आता दारात आहे. दरीतलं धुकं सकाळी वर चढतं आणि नऊ वाजले तरी उठायचं नाव घेत नाही. त्या धुक्यात पिकलेल्या भाताचा गोडसर, किंचित आंबूस वास असतो. कुणी खळं सारवायला घेतलंय. कुणी पायरीच्या दगडावर विळ्याला धार लावतंय. हा खर्र खर्र आवाज ऐकला की पूर्वी मला उगीचच भूक लागायची; नव्या तांदळाची पेज, तिच्यावर मिठाचा खडा आणि शेजारी आंबाड्याचं लोणचं डोळ्यांपुढं यायचं. यंदा तोच आवाज ऐकून माझी मान खाली जाते. सुगी कसली ती, माझ्या मूर्खपणाचं वर्षश्राद्धच म्हणायचं.

मी दत्ता. वाडीत मला मास्तर म्हणतात. शाळेचा मास्तर नव्हे, जत्रेच्या नाटकाचा. शाळेच्या मास्तराचं निदान पहिलीची पोरं तरी ऐकतात. माझं राजा ऐकत नाही, प्रधान ऐकत नाही, आणि पेटीवाल्याला तर मुळातच कमी ऐकू येतं. कॅसलरॉक स्टेशनापासून जंगलात तासभर चाललं की आमची वाडी लागते. घरं वीस-बावीस. गाडीची शिटी ऐकू येते, मोबाईलची रेंज येत नाही. रेंज हवी असेल तर टेकडीवरच्या काळ्या दगडावर चढायचं. त्या दगडाला आधी दुसरं काहीतरी नाव होतं. आता सगळे रेंजचा दगडच म्हणतात.

माझा भाचा महेश. रामनगरात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. चार सुग्यांपूर्वी तो एक प्रोजेक्टर घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, मळणी झाली की खळ्यावर पिक्चर लावू." पडदा माझाच. आमच्या नाटकाचा राजवाड्याचा पडदा उलटा करून दोन पोफळींमध्ये ताणला. मागचा रंग जागोजाग झिरपलेला, त्यामुळं सिनेमात कुठलंही शहर आलं तरी त्यात आमच्या राजवाड्याचे चार खांब आणि एक मोर दिसायचा. समुद्राच्या तळाशीसुद्धा मोर होताच. कुणी तक्रार केली नाही.

सिनेमा विलायती, बोलणं हिंदी. नायकाच्या अंगावर निळं चिलखत, दंडांत शंभर हत्तींचं बळ. त्याचं नाव सांगण्याचं काम मास्तर म्हणून माझ्याकडं आलं. मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा जीभ अडकली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला तरास करून घेताय? ह्यो आपला परसू न्हवं का?"

आणि खरोखर तो परसू होता. जुळलेल्या भुवया त्याच. बोलण्याआधी हनुवटी जराशी वर करून 'काय?' असं नुसतं विचारायची ढबही तीच. परसू म्हणजे आमच्या गंगाक्काचा एकुलता मुलगा, तेव्हा चोविशीचा, आमच्या नाटकातला राजपुत्र. तो तिथंच आईशेजारी उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. त्या दिवसापासून नायकाचं नाव परसू पडलं ते पडलंच. "परसू, मागं बघ." "परसू, हाण त्याला." खरा परसू हसून हसून भुईवर आडवा व्हायचा.

सिनेमात शेवटी रेल्वेचा पूल कोसळायला लागतो. परसू, म्हणजे पडद्यावरचा, खाली पाण्यात उतरून गर्डर खांद्यावर घेतो आणि गाडी पार होईपर्यंत तसाच उभा राहतो. आमचे विठूमामा रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी घाटातल्या रुळांवर गेलेली. ते तावातावानं उठले. "खोटं हाय. खांदा दिला खरं, पण पाय कशावर टेकलाय? खाली गाळ हाय. आधी स्लीपर रचायला पायजेत, मग जॅक." विठूमामांचं म्हणणं बरोबर निघालं. गाडी गेली, पूल पडला आणि नायक पाण्याखाली गेला तो गेलाच. वर नुसते बुडबुडे, आणि आमचा मोर.

गंगाक्कानं हंबरडा फोडला. नुसतं डोळ्याला पदर लावणं नव्हे, माणूस गेल्यावर बाया रडतात तसं. आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलेला परसू म्हणत होता, "आये, मी हितं हाय की. हितं बघ. शेंगा दे."

ते वाक्य आम्ही पुढं कितीतरी दिवस एकमेकांना म्हणून दाखवलं. मी तर नकलेसह म्हणायचो. आता कुणी म्हणत नाही.

त्याच वर्षी, भात कणगीत पडल्यावर, परसू गोव्याला गेला. आधी वास्कोत एका हॉटेलात होता. सुरुवातीला फोन यायचे. गंगाक्का दर रविवारी रेंजच्या दगडावर जाऊन बसायची. मग तो म्हणाला की जहाजावर काम मिळतंय. कुठलं जहाज, ते त्यानं सांगितलं असेल तर वाऱ्यानं नेलं. पुढच्या सुगीत फोन बंद झाला. त्या नंबरावर एक बाई बोलते, आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, की हा नंबर बंद आहे. मराठीत सांगत नाही. गंगाक्का म्हणते, "मराठीत सांगितलं न्हाई न्हवं? म्हंजे अजून नक्की न्हाई."

त्याला शोधायला मी वास्कोला जाऊन आलो. हेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्या कर्तबगारीबद्दल शंका उरायला नको. माझ्या फोनमध्ये परसूचा एकच फोटो होता, नाटकातला. त्यात त्याच्या डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा आणि काजळानं काढलेल्या मिशा. मी दिवसभर वास्कोतल्या हॉटेलांत तो फोटो दाखवत हिंडलो. एका गल्ल्यावरचा माणूस बराच वेळ बघून म्हणाला, "असला राजा आमच्याकडं आला असता तर लक्षात राहिला असता." मी परत आलो. गंगाक्काला काय सांगायचं ते घाट चढेपर्यंत जुळवत होतो. घाटात गाडीला मागून इंजिनं लावतात, ती ढकलतात म्हणून गाडी वर येते. मला मागून ढकलणारं कुणी नव्हतं. मी तिच्या दारावरून तसाच पुढं गेलो. तिनं बघितलं, पण हाक मारली नाही.

तर गेली सुगी. मी रेंजच्या दगडावर होतो तेव्हा महेशचा फोन आला, "मामा, तुमच्या त्या परसूचा नवीन पिक्चर आलाय. रीबूट."

"तो तर मेला."

"म्हणून तर रीबूट. जुनं सगळं पुसून परत पहिल्यापासून. मोबाईल अडकला की आपण बंद करून चालू करतो ना, तसं. फक्त माणूस नवीन घेतलाय."

मला काय आनंद झाला म्हणता. एखादी बातमी आपल्याला आधी कळली की माझ्या पोटात ती राहतच नाही. मी टेकडी उतरलो आणि स्कूटर काढली. तिचा सायलेन्सर पावसाळ्यात कधीतरी पडला होता. शेतांच्या कडेनं जाताना मी ओरडत होतो, "परसू परत आलाय... आज दिवेलागणीला खळ्यावर या." ओरडण्यातला पहिला तुकडा चढावर आणि दुसरा उतारावर यायचा. उतारावर स्कूटर जो आवाज करते, त्यात माझं स्वतःचं बोलणं मलाच ऐकू येत नाही.

गंगाक्का तिच्या वाफ्यात कापणीला वाकली होती. माझ्या ओरडण्यासरशी ती सरळ झाली. विळा हातात तसाच. तिनं हात वर केला. मीही केला. तिच्या तोंडावर जे काही होतं ते मी लांबून बघितलं आणि मला वाटलं, सिनेमाची केवढी आवड म्हातारीला.

पुढचं मला माझ्या बायकोकडून कळलं. मी घरी जेवायला बसलो होतो. ती पाण्याची घागर उतरवत म्हणाली, "गंगाक्का टेसनावर गेलीय. परसूला आणायला. तुम्ही सांगितलंत म्हणं."

हातातला घास कुठं ठेवायचा ते मला कळेना. तोंडात टाकता येईना, ताटात परत ठेवता येईना.

वाटेत तिला तिघं भेटले होते. तिघांनाही तिनं विचारलं, परसू आलाय ते खरं का? तिघंही म्हणाले, व्हय, आलाय म्हणे. माणूस नवीन घेतलाय हे विठूमामांना मी वाटेत थांबून सांगितलं होतं, आणि ते रेल्वेतली चार भाषांची खिचडी बोलतात. ते म्हणाले, "एकदम होसा झालाय म्हणतात, गंगाक्का. वळखू यायचा न्हाई." होसा म्हणजे नवा, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कुणीच खोटं बोललं नव्हतं. कुणालाच प्रश्न पडला नाही की हिनं सणाचं लुगडं का नेसलंय, आणि हातात डबा कसला.

मी स्टेशनावर पोचलो तेव्हा वास्कोकडून वर येणारी पहिली गाडी निघून गेली होती. फलाटावर दोन कुत्री, डिझेलचा वास आणि बाकावर गंगाक्का. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते जुळवून ठेवलेले. मी शेजारी बसलो.

"गाडी गेली?" मी विचारलं. प्रश्न मला माहीत असलेल्या उत्तराचा होता.

"एक गेली. दुसरी यायची हाय." ती रुळांकडं बघत होती. "वळखू यायचा न्हाई म्हणं. म्हणून मी एकेकाला जवळ जाऊन बघितलं. एका पोराच्या तर हनुवटीला धरून बघितलं. घाबरलं बिचारं."

"अक्का."

"वाळला असंल. जहाजावर खायला काय देत असतील."

"अक्का, सिनेमातला परसू."

तिनं माझ्याकडं मान वळवली. त्या वेळी स्टेशनावर एखादी मालगाडी आली असती तर बरं झालं असतं. काहीही आलं नाही.

"सिनेमातला," ती म्हणाली.

"व्हय."

"तो तर मेला न्हवं?"

"मेला. पण आता परत पहिल्यापासून दाखवतात. म्हंजे तो अजून मेलेला न्हाई. अजून त्याच्या अंगात बळसुद्धा आलेलं न्हाई. मोबाईल कसा, बंद करून परत चालू करतात..."

वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं की जगातल्या सगळ्या दाखल्यांतून मी नेमका कुठला दाखला उचललाय. मी थांबलो. पण थांबायला उशीर झाला होता, जसा मला नेहमी होतो.

"त्याचा बंदच हाय," गंगाक्का म्हणाली.

मी माफी मागावी असं ठरवत होतो आणि शब्द जुळवत होतो. नाटकात दुसऱ्यांना पाठ करून घेताना मला सगळी वाक्यं येतात. स्वतःवर वेळ आली की पडदाच पडतो. शेवटी मी म्हणालो, "चला, घरी सोडतो."

"आलोच हाय तर दुसरी गाडी बघून जाऊ."

मग आम्ही दुसरी गाडी बघितली. ती आली, डब्यांची दारं एकेक करून पुढं सरकत गेली आणि मी, ज्यानं ही खोटी बातमी केली तो मीसुद्धा, उतरणाऱ्या प्रत्येक तरण्या पोराच्या भुवया बघत होतो. चार-पाच जण उतरले. एकानं हनुवटी वर केली तेव्हा मी बाकावरून अर्धा उठलो. तो चहावाल्याला हाक मारत होता.

गाडी लोंढ्याकडं निघून गेली. गंगाक्कानं डबा उघडला. नव्या भाताचे घरी कांडलेले पोहे, गूळ-खोबरं घातलेले. त्यांच्यावर उकडलेली चार कणगरं, आमच्याकडच्या केसाळ सालीचे ते कंद, परसूला लहानपणापासून आवडणारे. तिनं डबा माझ्यापुढं केला.

"खा."

"अक्का, मला नको."

"खा म्हणते न्हवं. परत कशाला न्यायचं."

मी खाल्लं. सगळं खाल्लं. अर्ध्या जेवणावरून उठलो होतो. पोहे चांगले झाले होते, हे आज लिहिताना मला लाज वाटते. पण झाले होते.

संध्याकाळी खळ्यावर सिनेमा लागला. मी महेशला म्हणालो होतो, राहू दे आज. पण वाडी जमली होती. पेंढ्या रचून केलेल्या उडव्यांच्या आडोशाला घोंगड्या अंथरून झाल्या होत्या, आणि वाडीला नाही म्हणायचं बळ माझ्यात कधीच नव्हतं. चोहीकडं ताज्या पेंढ्याचा वास. लांब रानाच्या कडेला कुणीतरी गव्यांना हुसकायला डबा वाजवत होतं. गंगाक्का येणार नाही असं धरून मी पुढं बसलो.

नवा नायक पडद्यावर आला आणि खळ्यावर शांतता पसरली. चांगली शांतता नव्हे. मुलगी दाखवताना भलतीच पुढं आणून बसवली तर पडेल तशी. पोरगं गोरंघारं, बारीक, केस पिवळट. भुवया तर नसल्यातच जमा.

"ह्यो कोण?"

"परसू," मी म्हणालो.

"कुठल्या बाजूनं?"

"ह्याला वाऱ्यानं उपणलं तर फोलकटाबरूबर जाईल. आणि ह्यो गर्डर उचलणार?"

मी मास्तर या नात्यानं उठून समजावू लागलो. म्हटलं, आपल्या नाटकात राजा बदलतो की नाही? वेष तोच, माणूस दुसरा. माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. पण विठूमामा उभे राहिले. आमच्या नाटकाची एक रीत आहे. राजाचं काम करणारा थकला की शेवटच्या खेळाला तो रंगमंचावर येतो आणि स्वतःच्या हातानं मुकुट काढून नव्याच्या डोक्यावर ठेवतो. नव्याला तो सैल होत असेल तर आत फडकं घालतो. त्याशिवाय नव्याला कुणी राजा म्हणत नाही.

"जुन्यानं ह्याच्या डोक्यावर काय ठेवलं?" विठूमामांनी विचारलं.

मी महेशला खूण करून सिनेमा थांबवला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला चालत्या सिनेमात उत्तर देता येत नाही. "काय ठेवणार? जुना झालाच न्हाई असं धरायचं. ते सगळं पुसलं."

"पुसलं? मग पूल पडला तो?"

"पडला न्हाई."

"मग गंगाक्का रडली ती?"

मी महेशकडं बघितलं. तो प्रोजेक्टरची वायर नीट आहे का ते बघू लागला. सगळं खळं माझ्याकडं बघत होतं, आणि मागं पडद्यावर तो नवा मुलगा थांबला होता, कुठल्याशा थंड देशातल्या नदीत, गळ्यापर्यंत पाण्यात, तोंड उघडं, एक हात वर. माझ्या थांबवण्यानं बरोबर तिथंच अडकला होता.

तेवढ्यात अगदी मागून, शेवटच्या उडवीपासून आवाज आला.

"त्याला आधी पाण्यातनं भायेर काढा. मग भांडा."

गंगाक्का होती. सणाचं लुगडं बदललेलं, रोजचं. ती कधी येऊन बसली ते कुणी बघितलं नव्हतं.

महेशनं सिनेमा सुरू केला. मुलगा धडपडत काठावर आला, खोकला, पालथा पडला. पुढं त्याला बळ आलं, तो उडाला, त्यानं बरंच काही उचललं. विठूमामांनी एकदाही जॅकचं नाव काढलं नाही. शेवटी सगळे घोंगड्या झटकत उठले तेव्हा गंगाक्का माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ह्याच्या घरी कोण असतं?"

"दाखवलं न्हाई."

"दाखवायला पायजे होतं," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वाफ्यावर गेलो. ओळ अर्धीच कापलेली होती. जिथं ती ताठ झाली होती तिथंपर्यंत खुंट, पुढं उभं भात. ती ओळ आपण पुरी करावी असं मी मनाशी घेतलं. दुसऱ्याच मुठीला बोट कापून घेतलं. गंगाक्कानं लुगड्याची चिंधी फाडून बांधली, मला बांधावर बसवलं आणि उरलेली ओळ स्वतः कापली. मी बसून बघत होतो. बघणं तेवढं मला जमतं.

परसूच्या नंबरावर अजून तीच बाई बोलते. मी अधूनमधून दगडावर चढून फोन लावतो, कुणाला न सांगता. कन्नड होतं, इंग्रजी होतं, मग नुसतं गुणगुणतं. मराठी येत नाही, म्हणून मीही आता नक्की नाही असंच धरून चालतो. दुसरं काय हातात आहे?

परवा महेशचा निरोप आला की नव्या परसूचा दुसरा भाग आलाय. या वेळी स्कूटर काढली नाही. चालत गेलो, प्रत्येक दारात थांबलो आणि पूर्ण वाक्यात सांगितलं. गंगाक्काचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दार आतून लावलेलं. आत सूप पाखडल्याचा आवाज येत होता. मी बाहेरूनच म्हणालो, "अक्का, सिनेमा आलाय. सिनेमा. माणूस न्हाई. मी कुणाचं नाव घेतलेलं न्हाई."

सूप थांबलं. "कोण हाय?"

"मी आलोय. दत्ता."

कडी निघाली. दार वीतभर उघडलं. गंगाक्कानं मान बाहेर काढली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, हनुवटीपाशी जरा जास्तच वेळ थांबली, आणि म्हणाली,

"तू आलायस म्हणून तूच सांगतोयस. तवा म्हटलं, आधी बघून घेऊ."